नुसता हात

आमची धाकटी जाऊ पाठ चाचपून माणसाचं भविष्य सांगत नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण हॉस्पिटलच्या नोंदणीच्या खिडकीशी मी बसते आणि रोज कुणीतरी वाकून मला विचारतंच, "त्या हातवाल्या बाई म्हणे नुसत्या बोटांनी सगळं ओळखतात?" मी म्हणते, "ओळखतात तर! तुम्ही रांगेत मध्येच घुसलात, तेही ओळखतील. मागे जा."

ती करते त्याला ऑस्टिओपॅथी म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम चार शब्दांत सांगता येतं. पाठ, मान, कंबर धरलेल्या माणसाला टेबलावर झोपवायचं आणि हातांनी त्याचे सांधे, स्नायू मोकळे करायचे. गोळी नाही, सुई नाही, यंत्र नाही. सगळी भिस्त बोटांवर. ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा सासूबाई म्हणायच्या, "दिवसभर परक्यांच्या पाठी मळून येते आणि घरात कणीक मळ म्हटलं की दमलेली असते." मग एकदा सासूबाईंची मान अशी धरली की शेजारीण आली तरी सगळं अंग वळवून बघावं लागे. धाकटीनं त्यांना खुर्चीवर बसवलं, मागे उभी राहिली, बोलता बोलता हात चालवला. मान सुटल्यावर सासूबाईंनी कणकेचा विषय कायमचा सोडला, म्हणजे तो माझ्याकडे आला. असो.

ती शिंप्याची मुलगी. लहानपणी तिचे वडील तिला डोळे मिटायला लावत आणि हातात कापडाचा तुकडा देत. उभा धागा कुठला, आडवा कुठला, कापड कुठे ओढलं गेलंय, हे बोटांनी सांगायचं. चुकली तर ओरडा नाही, पुन्हा तुकडा. तिला हे सगळं इतकं भिनलेलं आहे की आजही दुकानात ती साडी बघत नाही, धरून बघते, आणि दुकानदाराचा जीव वरखाली होतो. मी तिच्याबरोबर खरेदीला जायचं सोडून दिलंय. घरी नखं वाढलेली तिला चालत नाहीत, थंडीत हात कोमट पाण्यात धरून मगच बाहेर पडते, आणि आपल्याशी बोलता बोलता तिचा हात कधी आपल्या खांद्यावर येतो ते कळतसुद्धा नाही. मी चिडलेली असते तेव्हा तर मला ते अजिबात आवडत नाही. कारण हात आला की राग टिकत नाही.

हे काम तिला मास्तरांनी शिकवलं. मास्तर म्हणजे ठेंगणे, टक्कल पडलेले, आवाज मात्र खणखणीत. हॉस्पिटलात हा विभाग त्यांनीच सुरू केला, जिन्यामागच्या खोलीत. पूर्वी तिथे चादरी ठेवत. एक टेबल, त्याला तोंड घालायला भोक, एक खुर्ची, भिंतीवर कण्याचं चित्र, आणि खिडकीतून बघावं तर धुलाईखान्याच्या दोऱ्या. दारावर पितळेची पाटी, तीही मास्तरांनी पदरमोड करून करवून घेतलेली. निवृत्त झाल्यावरसुद्धा ते दुपारी येऊन त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसत. येणाऱ्या पेशंटची चाल बघून पुटपुटत, "उजवी बाजू... उजवी बाजू..." आणि पेशंट बाहेर पडला की धाकटीला विचारत, "उजवी ना?" बहुतेक वेळा ती मान हलवी. मास्तर असे खूष होत, जणू आजच पास झाले.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग हॉस्पिटलला नवे मोठे डॉक्टर आले आणि त्यांना जागा कमी पडायला लागली. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू? त्यांनी प्रत्येक विभागाला एकच प्रश्न विचारला. तुमच्यामुळे पेशंट बरे होतात याचा पुरावा काय? बाकीच्यांनी पुस्तकं काढून दाखवली. धाकटीकडे दाखवायला काय? बरी झालेली माणसं. मोठे डॉक्टर म्हणाले, "माणसं आपोआपही बरी होतात. पाठदुखी तर फारच. नीट अभ्यास होऊ द्या. तुमच्या हातानं खरंच फरक पडतो असं निघालं तर खोली तुमची. नाहीतर खोली दुसऱ्याला देणं भाग आहे."

मास्तर म्हणाले, "काही गरज नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण उघडायची कशाला?"

धाकटी म्हणाली, "मास्तर, मुठीत काय आहे ते मलाही बघायचंय."

मी तिला घरी येऊन चांगलं झापलं. म्हटलं, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! तू नाही म्हणाली असतीस तर चार महिने टोलवाटोलवी झाली असती, तोवर डॉक्टर बदलले असते. तिनं माझ्या मानेवर हात ठेवला. मी तो झटकला.

अभ्यास करायला एक बाई आली. चष्मा, पाठीला पिशवी, बोलणं मोजकं. आम्ही तिचं नाव आकडेवाली ठेवलं. तिनं जे समजावलं ते धाकटीनं मला ओट्याशी उभं राहून पुन्हा समजावलं, कारण माझं डोकं पहिल्यांदा ऐकूनच तापलं होतं. कंबर दुखणारे लोक घ्यायचे. निम्म्यांना धाकटी नेहमीसारखा उपचार देणार. उरलेल्या निम्म्यांवर त्याच खोलीत, त्याच टेबलावर, तितकाच वेळ नुसता हात ठेवणार. दाबायचं नाही, ओढायचं नाही, काही करायचं नाही. कुणाला काय मिळतंय ते पेशंटला कळू द्यायचं नाही. आणि कंबर किती दुखते हे विचारायला तिसरंच माणूस, त्यालाही काही ठाऊक नसणार.

"म्हणजे निम्म्यांना फसवायचं?" मी विचारलं.

"फसवायचं कसं, ताई? त्यांना आधीच सांगितलंय की तुम्हाला दोन्हीपैकी काहीही मिळेल. हो म्हणाले तेच येणार. आणि अभ्यास संपला की ज्यांना नुसता हात मिळाला त्यांना हवा तर खरा उपचार."

"आणि हात नुसता ठेवायला काय डोंबल लागतं? ते तर मीही करीन."

ती हसली नाही. म्हणाली, "तेच तर सगळ्यात अवघड आहे."

ते किती अवघड आहे हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. रोज संध्याकाळी ती मला सतरंजीवर पालथी झोपवायची आणि सराव करायची. हात ठेवायची आणि लगेच उचलायची. "छे, सरकला." पुन्हा ठेवायची. "छे." मला काही कळत नव्हतं, पण तिला कळत होतं. स्वयंपाक करणाऱ्याला उतू जाणारं दूध दिसलं आणि सांगितलं की नुसतं बघत बस, तर हात जाणारच ना विस्तवाकडे? तसं तिचं चाललं होतं. बोटांखाली आखडलेली जागा लागली की बोटं आपली आपण कामाला लागत. शेवटी आकडेवालीनंच उपाय सुचवला. मन दुसरीकडे गुंतवा. धाकटीनं एकोणीसचा पाढा निवडला, कारण तो तिला शाळेतही कधी धड आला नव्हता. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, असं मनात म्हणत राहायचं आणि हात गप्प ठेवायचा.

मास्तरांना हे कळलं तेव्हा ते बाकावरून उभे राहिले. "पाढे म्हणत पाठीला हात लावायचा? मी तुला हे शिकवलं? पाठीवर हात ठेवला की लक्ष हातात हवं, पोरी, हातात! तू तर लक्ष बाहेर काढून मग हात ठेवणार."

"त्यासाठीच तर म्हणायचा, मास्तर."

सरावाच्या शेवटच्या दिवशी हात एकदाचा गप्प राहिला. तिनं विचारलं, "ताई, काही वाटलं?"

मी म्हटलं, "झोप लागली गं. आणि कंबर बरी वाटतेय. काय केलंस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "काहीच नाही," म्हणाली, आणि सतरंजी गुंडाळायला लागली. त्या रात्री तिनं ताटातला भात तसाच ठेवला. मला वाटलं, दमली असेल.

अभ्यास सुरू झाला. प्रत्येक नव्या पेशंटच्या आधी आकडेवालीचा फोन यायचा. "खरा" किंवा "नुसता", एवढाच शब्द. मग दार बंद. आत फक्त ती आणि पेशंट. मास्तर बाहेर बाकावर चुळबुळत.

नुसत्यामध्ये एक बस ड्रायव्हर आला. खांदे रुंद, पोट सुटलेलं, आणि चालताना असा वाकडा की रांगेतली माणसं बाजूला सरली. त्याला ना धड बसता येई, ना उभं राहता. बसवर परत जायचं होतं. घरात नुसतं पडून राहिल्यामुळे त्याची बायको त्याला आणि तो बायकोला कंटाळला होता, हे त्यानं माझ्या खिडकीशीच सांगून टाकलं. धाकटीचा त्याच्यावर जीव तुटत होता. घरी आली की म्हणायची, "ताई, त्याची जागा मला सापडलीय. हात ठेवला की लागते. मी तिथेच हात ठेवून एकोणीस एके एकोणीस म्हणते."

"मग कर की बरं! कोण बघतंय?"

"मी."

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण हिला दुसऱ्याचं जळतं तेच जास्त कळायचं, आणि तरी ती हात बांधून उभी होती. मला तिचा राग यायचा आणि तिची दयाही यायची.

एका सकाळी ती माझ्या खिडकीशी आली, रांगेतून नाही, आतल्या दारातून. चेहरा पांढराफटक. म्हणाली, "ताई, माझा हात सरकला."

ड्रायव्हर पालथा पडल्या पडल्या बोलत होता. आपल्या बसच्या मार्गावर एक आंधळा माणूस रोज चढतो, तो आपला ब्रेक ओळखतो, आता दुसऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत तो चुकीच्या थांब्यावर उतरत असेल, असं काहीतरी. बोलता बोलता त्यानं मोठा उसासा सोडला. आणि एकोणीस साते किती, ते हिला आठवेना. तेवढ्यात अंगठा आत गेला होता. जागा सैल झाल्यावर तिला कळलं.

मी हळूच म्हटलं, "बरं झालं. बिचारा सुटला. जा आता, चहा घे, आणि तोंडातून शब्द काढू नकोस."

तिनं माझ्याच टेबलावरचा फोन उचलला आणि आकडेवालीला सगळं सांगितलं. लपवलं नाही, रंगवलंही नाही. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण हिची उत्तरं ऐकली. "हो, एकदाच." "नाही, बाकी कुणाच्या वेळी नाही." "कारण हात काम करतो तेव्हा खालून उत्तर येतं. बाकी वेळी आलं नाही." फोन ठेवून ती म्हणाली, "त्या म्हणाल्या, सांगितलंत ते चांगलं केलंत. त्याची नोंद वेगळी ठेवतील." मग ती बाथरूममध्ये जाऊन रडून आली. तिला वाटत होतं, आता आपण मास्तरांनाही तोंड दाखवायच्या लायकीच्या राहिलो नाही आणि अभ्यासालाही. मास्तर मात्र हे ऐकून इतक्या दिवसांत पहिल्यांदा खूष झाले. "बघ! हात खोटं बोलत नाही. हात माझा आहे!"

अभ्यास संपला. निकाल सांगायला आकडेवाली त्या जिन्यामागच्या खोलीतच आली. मी चहा न्यायच्या निमित्तानं आत शिरले आणि तिथेच उभी राहिले. मला बाहेर काढायची कुणाची छाती नव्हती. मास्तर खुर्चीत, धाकटी टेबलाच्या कडेला टेकून.

आकडेवालीनं आडवळण घेतलं नाही. "दोन्ही गटांतले लोक सुधारले," ती म्हणाली. "चांगले सुधारले. ज्यांना तुमचा खरा उपचार मिळाला ते किंचित जास्त. पण फरक इतका थोडा आहे की तो तुमच्या उपचारामुळेच पडला, असं म्हणता येत नाही."

खिडकीबाहेर धुलाईखान्याचा माणूस चादरी झटकत होता.

"म्हणजे," मास्तर म्हणाले, "माझं सगळं आयुष्य आणि नुसता ठेवलेला हात, एकच?"

"मी तसं म्हणत नाही," आकडेवाली म्हणाली. "आकडे इतकंच सांगतात."

मग मास्तरांच्या डोळ्यांत एकदम काहीतरी चमकलं. ते पुढे सरकले. "पण हिचा हात सरकला होता. तो नुसता हात नुसता नव्हताच! हिच्यासारखीचा हात आयुष्यभराची सवय सोडून गप्प बसेल? एकदा सरकला तो लक्षात आला. लक्षात न येता किती वेळा सरकला असेल! नुसत्यांनाही उपचारच मिळाला. म्हणून तेही बरे झाले."

खरं सांगते, मला ते पटलं. अगदी लख्ख पटलं. मी आकडेवालीकडे बघितलं. ती म्हणाली, "तसं असेल तर हा अभ्यास बाद. पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल, दुसऱ्या कुणाचे तरी हात घेऊन. तोपर्यंत खोलीचा निर्णय होणार नाही, हे मोठ्या डॉक्टरांनी मान्य केलंय." मग ती धाकटीकडे वळली. "हे फक्त तुम्हीच सांगू शकता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं."

मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हण गं बाई! हो म्हण! सरकत होता, सतत सरकत होता, एवढंच म्हणायचंय. त्यात कुणाचं वाईट होत नाही. खोली राहते, पाटी राहते, म्हातारा सुखानं जगतो. कुणाला कळणार आहे?

धाकटीनं स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "एकदाच सरकला. ड्रायव्हरच्या वेळी. बाकीच्यांच्या वेळी माझा हात गप्प होता."

"आठवून बघ, पोरी." मास्तरांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. विनवणी होती त्यात. "नीट आठवून बघ."

"आठवतंय, मास्तर. तुम्हीच शिकवलंय ना हाताखालचं ओळखायला? आज सोयीचं आहे म्हणून मला ओळखता येत नव्हतं असं कसं म्हणू?"

मास्तर उठले. काठी चाचपली. दारात थांबून, तिच्याकडे न बघता म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." आणि गेले. ते पुन्हा त्या बाकावर बसले नाहीत.

घरी आल्यावर मी काय काय बोलले, ते सासूबाईंनी मध्ये पडून थांबवलं. "पुरे गं! ती काय दगड आहे का?" दगड नव्हतीच. भांडी घासता घासता तिला असं रडू फुटलं की मी नळ बंद केला, ती काय म्हणते ते मला नीट ऐकायचं होतं. ती म्हणाली, "ताई, मला वाटायचं मी जागा शोधते, सोडवते, आणि माणूस उठून चालायला लागतो. इतकी वर्षं मला हेच वाटायचं. तुम्हाला कळतंय का माझं काय गेलं?"

"मग हो का नाही म्हणालीस?"

"ते लोक बरे झाले ना? नुसत्या हातानं झाले. शेजारी शांत माणूस बसलंय, ते आपलं ऐकतंय, घाई करत नाहीये, एवढ्यानं झाले असतील. का झाले ते मला माहीत नाही. पण झाले ते खरं आहे. मी खोटं बोलले असते तर त्यांचं खरं कायमचं गाडलं गेलं असतं. माझी खोली वाचवायला." तिनं पदरानं नाक पुसलं. "आणि मी माझ्यासाठीच बघायला गेले होते, ताई. मुठीत काय आहे ते. दिसल्यावर पुन्हा मूठ मिटून, बघितलंच नाही असं म्हणायचं?"

त्यानंतर मी तिला कधी याबद्दल बोलले नाही. म्हणजे फारसं नाही.

खोली गेली. तिथे आता रक्ताचे नमुने ठेवायचं कपाट आहे. मोठ्या डॉक्टरांनी धाकटीला काढलं नाही, उलट अभ्यास इतका सरळ झाला म्हणून तिला व्यायामाच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात टेबल दिलं, पुढे पडदा. पितळेची पाटी तिनं स्वतः स्क्रू काढून उतरवली, पुसली आणि घरी कपाटावर ठेवली. मास्तरांकडे नेऊन द्यायला गेली होती. त्यांनी दार उघडलं नाही.

पण आता सांगते ते ऐका, कारण मला तिचं कौतुक खोलीसाठी नाही, याच्यासाठी आहे. इतका मोठा मार बसल्यावर माणूस एकतर काम सोडतो, नाहीतर आकडे खोटे म्हणून दात-ओठ खात जुनंच रेटतो. हिनं दोन्ही केलं नाही. ती आकडेवालीकडे जाऊन बसायला लागली. दोघी मिळून वाचत. मग हिनं आपलं काम एकेक करून तपासायला घेतलं, शिंप्यानं जुना कोट उसवावा तसं. मानेला झटका द्यायचं जवळजवळ बंद केलं. पूर्वी ती म्हणायची, "हाड जागेवर नाही, बसवते." आता म्हणते, "हाड जागेवरच आहे. घाबरून आजूबाजूचं आखडलंय. घाबरू नका, चालायला लागा." लोकांना एकाच गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा बोलावत नाही. काही पेशंट रुसले. एक आजोबा खिडकीशी येऊन मला म्हणाले, "पूर्वी कसा कट् आवाज यायचा, समाधान वाटायचं." मी म्हटलं, "आवाज हवा तर बोटं मोडा, आजोबा. फुकट आहे."

बस ड्रायव्हर परत बसवर गेला. नुसत्या हातामुळे, सरकलेल्या अंगठ्यामुळे की बायकोनं त्याला सकाळी चालायला हाकललं म्हणून, ते कुणालाच सांगता येत नाही. धाकटीही सांगत नाही. त्यानं विचारलं तेव्हा म्हणाली, "मला माहीत नाही." तो म्हणाला, "कमाल आहे, इथे एक तरी माणूस असं म्हणतं." आणि तिला फुलं देऊन गेला. फुलं माझ्या खिडकीत ठेवली होती, तिला शिंका येतात.

एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट तिला लागून राहिली होती. रस्त्यात मास्तर दिसले की ती थांबायची आणि ते पलीकडच्या बाजूला जायचे. मग त्या दिवशी घरी तिचा हात कुणाच्याच खांद्यावर जात नसे. सासूबाई मला खुणावत, "आज पुन्हा दिसलेले दिसतात."

मग एका दुपारी माझ्या खिडकीसमोरच्या रांगेत मास्तर उभे होते. रांगेत, सगळ्यांसारखे. एका बाजूला असे कलंडलेले की काठी नसती तर पडलेच असते. घाम आलेला. मी उठून उभीच राहिले. म्हटलं, "मास्तर, अहो, पुढे या."

"रांग आहे," ते म्हणाले, आणि आपली पाळी येईपर्यंत उभे राहिले. खिडकीशी आल्यावर मी विचारलं, "कुणाकडे?" मला ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. होय, मी तशीच आहे.

"डावी बाजू," ते म्हणाले. मग काठी दुसऱ्या हातात घेत, "तिच्याकडे."

मी खिडकी सोडून त्यांना हॉलमध्ये घेऊन गेले. धाकटी पडद्याबाहेर आली, त्यांना बघितलं, आणि त्यांचा दुसरा हात धरला. आम्ही दोघींनी त्यांना टेबलावर पालथं झोपवलं. त्यांचं तोंड टेबलाच्या भोकात गेलं आणि खालून जमिनीकडे आवाज आला, "हे टेबल खाली आहे. तुझ्या पाठीला चालणार नाही."

"वर घेते, मास्तर."

तिनं हात कोमट पाण्यात धरले, पुसले. त्यांच्या कमरेवर ठेवले. मला दिसलं, तिची बोटं जागा शोधायला लागली, मास्तरांनी शिकवली होती तशीच, एकेक मणका मोजत खाली. तिला वाटत असणार, त्यांचंच त्यांना द्यावं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"नको," मास्तर म्हणाले. "त्यातलं काही नको. ते सगळं मला येतं." त्यांनी टेबलाची कड धरली. "तू नुसता हात ठेव."

तिची बोटं थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग डोळे मिटले आणि तळहात टेकवला.

"आणि पोरी," मास्तर म्हणाले, "पाढा म्हणू नकोस."

"नाही, मास्तर."

मी पडदा ओढून घेतला. बाहेर खुर्चीवर पुढची पेशंट पर्स मांडीवर घेऊन बसली होती, तिला मी डोळे पुसत सांगितलं की आज जरा वेळ लागेल.